दिव्यांग कर्मचाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य आणि कार्यस्थळाची रचना : दक्षिण व मध्य मुंबईच्या संदर्भात

१. प्रस्तावना

दिव्यांग व्यक्तींच्या रोजगाराचा विचार आपल्याकडे प्रामुख्याने आरक्षणाची टक्केवारी, भरलेली पदे आणि शिल्लक अनुशेष अशा आकड्यांच्या भाषेत होत आला आहे. हे आकडे महत्त्वाचे आहेत यात शंका नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे २ कोटी ६८ लाख आणि महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्ती होत्या. एवढ्या मोठ्या समाजघटकाला नोकरीचे दार उघडणे हे कायद्याचे पहिले कर्तव्य होते. परंतु नेमणुकीचे पत्र हाती पडल्यानंतर त्या व्यक्तीच्या वाट्याला कोणते कार्यजीवन येते, हा प्रश्न मात्र दुर्लक्षित राहिला. कर्मचारी हजेरीपटावर आहे, वेतनही घेतो. पण त्याला खरे काम दिले जाते काय, साध्या सोयीसाठी त्याला किती वेळा अर्ज करावा लागतो, सहकाऱ्यांच्या नजरेत तो सहकारी असतो की दयेचा विषय, या बाबींची नोंद कोणत्याही रजिस्टरात होत नाही. मानसिक स्वास्थ्य मात्र याच बाबींवर अवलंबून असते.

प्रस्तुत लेखात गिरगाव, दादर, परळ आणि लालबाग हा परिसर केंद्रस्थानी ठेवून दिव्यांग कर्मचाऱ्यांच्या मानसिक स्वास्थ्याचे विवेचन केले आहे. हे स्वास्थ्य व्यक्तीच्या धैर्यापेक्षा कार्यस्थळाच्या रचनेवर अधिक अवलंबून असते, हा लेखाचा मुख्य प्रतिपाद्य विषय होय. महाविद्यालय हे शिक्षणकेंद्र असते तसेच ते कार्यस्थळही असते. त्यामुळे हा विषय प्राध्यापकवर्गाच्या निकटचा आहे.

२. मानसिक स्वास्थ्य : संकल्पना

मानसिक स्वास्थ्य म्हणजे केवळ मनोविकाराचा अभाव नव्हे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कॅरॉल रिफ यांनी १९८९ मध्ये मानसिक स्वास्थ्याची सहा अंगे मांडली : स्वतःचा स्वीकार, इतरांशी सकारात्मक संबंध, स्वायत्तता, परिस्थितीवरील प्रभुत्व, जीवनातील उद्दिष्ट आणि व्यक्तिगत विकास. यांपैकी पहिले अंग सोडल्यास उरलेली पाचही अंगे मोठ्या प्रमाणात बाह्य परिस्थितीशी निगडित आहेत. ज्या कर्मचाऱ्याला स्वच्छतागृहापर्यंत जाण्यासाठी दुसऱ्याला हाक मारावी लागते, त्याची स्वायत्तता त्याच्या स्वभावामुळे कमी झालेली नसते. ती दोन पायऱ्यांमुळे कमी झालेली असते.

मारी याहोदा यांचे विवेचनही येथे उपयुक्त ठरते. १९३० च्या सुमारास ऑस्ट्रियातील मारिएनथाल या गावातील कापडगिरणी बंद पडल्यावर तेथील बेरोजगार कुटुंबांचा अभ्यास त्यांनी सहकाऱ्यांसह केला. तो १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे त्यांनी असे प्रतिपादन केले की, नोकरी वेतनाखेरीज आणखी पाच गोष्टी देते : दिवसाला आकार, कुटुंबाबाहेरील संपर्क, सामुदायिक उद्दिष्टात सहभाग, सामाजिक ओळख आणि नियमित कृतिशीलता. गिरणी बंद पडल्यावर या पाचही गोष्टी एकदम हरवतात. दिव्यांग कर्मचाऱ्याच्या बाबतीत एक वेगळीच अवस्था संभवते. त्याचे वेतन चालू राहते, पण काम न दिल्यामुळे यांतील बहुतेक गोष्टी त्याच्यापासून हिरावल्या जातात. ही नोकरीत राहून भोगावी लागणारी बेकारीच म्हणावी लागेल.

३. परिसराची पार्श्वभूमी

दक्षिण व मध्य मुंबईला दिव्यांगांच्या शिक्षणाचा व पुनर्वसनाचा जुना वारसा आहे. १८८५ मध्ये मुंबईत कर्णबधिर मुलांसाठी शाळा सुरू झाली. ही देशातील अशी पहिली शाळा मानली जाते. १९०० मध्ये अमेरिकन मिशनच्या प्रयत्नांतून अंध मुलांसाठी शाळा निघाली. पुढे दादरच्या कमला मेहता अंधशाळेच्या रूपाने ती मुलींच्या शिक्षणाचे केंद्र बनली. १९०२ मध्ये ताडदेव येथे व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा स्थापन झाली. स्वातंत्र्योत्तर काळात १९५२ मध्ये नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था मुंबईत उभी राहिली आणि १९५५ मध्ये हाजी अली येथे भौतिक चिकित्सा व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था सुरू झाली. थोडक्यात, शिक्षण आणि उपचार या दोन्ही बाबतींत हा परिसर देशात अग्रेसर राहिला.

याच परिसराची दुसरी बाजू गिरणगावाची आहे. लालबाग-परळच्या कापडगिरण्यांनी लाखो कुटुंबांना अन्न दिले. त्याचबरोबर अनेक कामगारांना अपंगत्वही दिले. कार्डिंगसारख्या विभागांत कापसाची बारीक धूळ वर्षानुवर्षे श्वासावाटे आत गेल्याने 'बिसिनोसिस' हा फुप्फुसाचा विकार जडत असे. आठवड्याच्या सुटीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होणे हे त्याचे प्रारंभीचे लक्षण होय. साळखात्यात, म्हणजे विणकाम विभागात, मागांच्या अखंड आवाजात शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नसे. खाणाखुणांवर काम चाले. या आवाजाने कायमचे बहिरेपण येत असे.

गोंगाटामुळे येणारे बहिरेपण १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा आणि १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा यांखाली भरपाईस पात्र व्यवसायजन्य विकार मानले गेले होते. प्रत्यक्षात अशा बहिरेपणाबद्दल देशात पहिली भरपाई मिळण्यास १९९६ साल उजाडावे लागले. कायद्यातील तरतूद आणि कामगाराच्या हाती पडलेला लाभ यांत जवळजवळ अर्धे शतक गेले. तोपर्यंत १९८२ च्या संपानंतर गिरणधंद्याची घडीच विस्कटली होती.

या विलंबाचा मानसिक परिणाम समजून घेणे आवश्यक आहे. बदली कामगाराला रोज गिरणीच्या दारात उभे राहून काम मिळेल की नाही हे पाहावे लागे. अशा कामगाराला धाप लागते किंवा ऐकू कमी येते हे जॉबरला सांगणे परवडणारे नव्हते. अपंगत्व लपवणे हा त्याच्या पोटाचा प्रश्न होता. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६३ मध्ये कलंकाविषयी विवेचन करताना दाखवले आहे की, जे अपंगत्व चटकन दिसत नाही ते बाळगणाऱ्याला सतत माहितीवर पहारा ठेवावा लागतो : कोणाला सांगावे, किती सांगावे, केव्हा सांगावे. हा पहारा स्वतःच एक थकवणारे काम असते. गिरण्यांच्या जागी आज परळमध्ये काचेची कार्यालये उभी आहेत. तेथे काम करणाऱ्या, नैराश्याचा किंवा अपस्माराचा उपचार घेणाऱ्या कर्मचाऱ्यासमोरचा प्रश्न बदली कामगाराच्या प्रश्नापेक्षा फार वेगळा नाही.

४. कायद्याची वाटचाल

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने सरकारी नोकऱ्यांत किमान ३ टक्के आरक्षण दिले. हा कायदा फेब्रुवारी १९९६ पासून अमलात आला. त्याच्या कलम ४७ ने सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढून टाकण्यास वा त्याचा दर्जा घटवण्यास मनाई केली. कुणाल सिंग खटल्यात २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, पाय गमावलेल्या व सेवेतून निवृत्त केल्या गेलेल्या एका जवानाला या कलमाचे संरक्षण लागू केले. २०१३ मध्ये नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंडच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने असे ठरवले की, आरक्षणाची गणना केवळ 'निश्चित केलेल्या' पदांवर न करता संवर्गातील एकूण रिक्त पदांवर केली जावी.

संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २००६ मध्ये स्वीकारलेल्या दिव्यांग हक्कविषयक कराराला भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्यता दिली. त्यास अनुसरून आलेला २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले आणि आरक्षण ४ टक्के केले. स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि मानसिक आजार यांनाही प्रथमच नोकरीतील आरक्षणात स्थान मिळाले. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला.

मानसिक स्वास्थ्याच्या दृष्टीने २०१६ च्या कायद्यातील तीन तरतुदी विशेष महत्त्वाच्या आहेत. एक, प्रत्येक आस्थापनेने समान संधीचे धोरण जाहीर करणे. दोन, सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमणे. तीन, 'वाजवी सोय' देणे, म्हणजे संबंधित व्यक्तीच्या गरजेनुसार, आस्थापनेवर अवाजवी भार न टाकता, कामात व जागेत योग्य तो बदल करणे. विकास कुमार प्रकरणाच्या फेब्रुवारी २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वाजवी सोयीला समानतेचा अविभाज्य भाग मानले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये रवींदर कुमार धारिवाल प्रकरणात न्यायालयाने म्हटले की, मानसिक अपंगत्व असलेल्या कर्मचाऱ्यावर त्याच्या आजाराशी निगडित वर्तनाबद्दल शिस्तभंगाची कारवाई करणे हा अप्रत्यक्ष भेदभावाचा प्रकार ठरतो. मनाचा आजार आणि बेशिस्त यांत फरक करण्याची जबाबदारी या निकालाने कार्यालयावर टाकली आहे.

५. पात्रता आणि नकार : एक उदाहरण

कायदा आणि कार्यस्थळ यांतील अंतर स्पष्ट करणारे एक सर्वश्रुत उदाहरण म्हणजे प्रांजल पाटील यांचे होय. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची दृष्टी बालपणीच गेली. त्यांचे शिक्षण दादरच्या कमला मेहता अंधशाळेत आणि त्यानंतर धोबीतलाव येथील सेंट झेवियर्स महाविद्यालयात झाले. महाविद्यालयासाठी उल्हासनगर ते छत्रपती शिवाजी टर्मिनस हा लोकलचा प्रवास त्या करीत. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०१५ च्या परीक्षेत, ज्याचा निकाल २०१६ मध्ये लागला, त्या ७७३ व्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या. त्यांना रेल्वेची लेखासेवा देण्यात आली. पण पूर्ण अंधत्वाचे कारण देऊन त्यांची नेमणूक नाकारली गेली. पुढच्या परीक्षेत त्यांनी १२४ वा क्रमांक मिळवून भारतीय प्रशासकीय सेवेत प्रवेश केला आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये तिरुवनंतपुरम येथे उपजिल्हाधिकारीपदाची सूत्रे स्वीकारली.

या घटनेकडे जिद्दीची कथा म्हणून पाहण्याचा प्रघात आहे. ती जिद्द वादातीत आहे. परंतु एका व्यवस्थेने जे काम अशक्य ठरवले, त्याहून अधिक व्यापक जबाबदारीचे काम दुसऱ्या व्यवस्थेने त्याच व्यक्तीकडे सोपवले. दोन्ही वेळी व्यक्तीचे अंधत्व तेच होते. फरक होता तो व्यवस्थेच्या निर्णयात. शिवाय प्रत्येक अंध उमेदवाराला नकार पचवून पुन्हा तीच कठीण परीक्षा देणे शक्य नसते. ज्यांना ते जमत नाही, त्यांच्या मनात हा नकार स्वतःच्या अपात्रतेचा पुरावा म्हणून घर करून राहण्याचा धोका असतो. असामान्य धैर्याची अपेक्षा ही सामान्य सोयीला पर्याय ठरू शकत नाही.

६. ताणाची प्रमुख कारणे

अ) प्रवास. मुंबईत कामाचा दिवस कार्यालयाच्या दारात सुरू होत नाही, तो रेल्वेच्या फलाटावर सुरू होतो. लोकलमध्ये दिव्यांगांसाठी राखीव डबा आहे. पण पूल, जिने आणि गर्दी ओलांडूनच त्या डब्यापर्यंत पोहोचावे लागते. सप्टेंबर २०१७ मध्ये परळ व तत्कालीन एलफिन्स्टन रोड या स्थानकांना जोडणाऱ्या पुलावरील चेंगराचेंगरीत २३ जणांचा बळी गेला, तेव्हा ही गर्दी धडधाकट माणसालाही किती घातक ठरते हे दिसून आले. गणेशोत्सवात लालबाग-चिंचपोकळीचे रस्ते भरून जातात आणि नेहमीच्या वाटा बदलतात. पांढरी काठी घेऊन चालणाऱ्याला ओळखीचा रस्ताच अनोळखी होतो. २०२५ मध्ये भुयारी मेट्रो दादर, गिरगावमार्गे दक्षिण मुंबईपर्यंत पोहोचली व उद्वाहनाची सोय असलेली स्थानके मिळाली, ही स्वागतार्ह बाब आहे. तथापि स्थानकापासून गिरगावातील चाळीच्या लाकडी जिन्यापर्यंतचे अंतर अद्याप तसेच आहे. रोज कामावर पोहोचण्यापूर्वीच शक्ती खर्ची पडलेल्या कर्मचाऱ्याची पाच मिनिटांच्या उशिराबद्दल झाडाझडती घेणे म्हणजे त्याच्या ताणात भर घालणे होय.

आ) काम न देणे. हा सर्वांत सौम्य दिसणारा, पण अत्यंत खोल जखम करणारा प्रकार आहे. "तुम्ही बसा, आम्ही करतो" या वाक्यात सद्भाव असतो. परंतु ते वाक्य रोज ऐकणाऱ्याला त्यातून 'तुमची येथे गरज नाही' असाच संदेश मिळतो. रिफ यांच्या सहा अंगांपैकी उद्दिष्ट, विकास आणि प्रभुत्व या तिन्हींवर त्याचा आघात होतो. पुढे पदोन्नतीच्या वेळी 'अनुभव नाही' हे कारण दिले जाते आणि सहानुभूतीचे रूपांतर नुकसानीत होते.

इ) वारंवार मागावे लागणे. साहेब बदलले की पुन्हा अर्ज, पुन्हा प्रमाणपत्राची प्रत, पुन्हा स्पष्टीकरण. यामुळे हक्काचे स्वरूप याचनेसारखे होते. अनेकजण अखेर मागणेच सोडून देतात. आणि कार्यालय मात्र 'कोणाचीही तक्रार नाही' अशी नोंद करते.

ई) संवादातून वगळले जाणे. कर्णबधिर कर्मचाऱ्याला कामाच्या सूचना लेखी मिळतात, पण चहाच्या वेळचे बोलणे मिळत नाही. कार्यालयातील विश्वास, थट्टा, बातम्या आणि मदत ही सारी त्याच बोलण्यातून वाहत असते. त्यामुळे माणसांनी भरलेल्या खोलीतही एकाकीपणा येतो.

यावर कामाच्या रचनेतूनच उपाय शक्य आहे, हे ध्रुव लाक्रा यांनी २००९ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या मिरॅकल कुरियर्स या व्यवसायाने दाखवून दिले. तेथे टपाल वाटण्याचे व वर्गवारीचे काम कर्णबधिर स्त्री-पुरुषांकडे सोपवण्यात आले. पत्ता वाचणे, इमारत ओळखणे आणि रस्ता लक्षात ठेवणे ही कामे नजरेची आहेत. त्यांत बोलण्याची गरज थोडी असते. सहकारी एकमेकांशी खुणांच्या भाषेत बोलत असल्याने संवादाबाहेर राहण्याचा प्रश्नही उरत नसे.

७. महाविद्यालयाची जबाबदारी

सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ मध्ये दृष्टिबाधितांसाठी साधनकेंद्र सुरू झाले. विद्यार्थ्यांसाठी अशी केंद्रे आता अन्यत्रही दिसतात. मात्र दिव्यांग प्राध्यापक, ग्रंथपाल, लिपिक आणि शिपाई यांच्या गरजांचा विचार त्या मानाने कमी होतो. या संदर्भात पुढील बाबी कोणत्याही मोठ्या खर्चाविना साध्य होण्यासारख्या आहेत.

पहिली बाब कागदपत्रांची. अंध प्राध्यापक संगणकावरील मजकूर एनव्हीडीए किंवा जॉजसारख्या वाचक-प्रणालीच्या साहाय्याने ऐकतात. मराठीतील बरीच परिपत्रके अद्याप जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टंकलिखित होतात किंवा शिक्का मारून, छायाचित्र काढून पाठवली जातात. पहिल्या प्रकारात वाचक-प्रणाली निरर्थक अक्षरे उच्चारते. दुसऱ्या प्रकारात तिला काहीच सापडत नाही. परिणामी साधी रजेची सूचना समजण्यासाठीही सहकाऱ्याची मनधरणी करावी लागते. प्रत्येक परिपत्रक युनिकोडमध्ये पाठवण्याचा नियम केल्यास हे अवलंबित्व एका दिवसात कमी होऊ शकते. महाविद्यालयीन नियतकालिकांनीही आपले अंक याच पद्धतीने सिद्ध करणे उचित ठरेल.

दुसरी बाब वेळापत्रकाची. उद्वाहन नसलेल्या जुन्या इमारतीत चालण्यास अडचण असलेल्या प्राध्यापकाचे वर्ग तळमजल्यावर ठेवणे हे वेळापत्रक समितीचे काम आहे. ते दर सत्राच्या आरंभी न मागता झाले पाहिजे. एकदा नोंदवलेली गरज सेवापुस्तिकेसोबत पुढे जावी, म्हणजे प्राचार्य बदलले तरी प्रश्न पुन्हा उभा राहणार नाही.

तिसरी बाब जबाबदारीच्या वाटपाची. परीक्षा, प्रवेश, ग्रंथालय, मूल्यांकन अशा समित्यांतून दिव्यांग सहकाऱ्याला 'त्रास नको' म्हणून वगळू नये. कोणते काम करता येईल हे त्यालाच विचारावे. पर्यवेक्षण जमत नसेल तर प्रश्नपत्रिकांचे संपादन जमेल. पण काम निश्चितपणे द्यावे. अध्यापकांच्या पदोन्नतीसाठी या कामांचा विचार होत असल्याने वगळण्याची किंमत शेवटी त्यालाच मोजावी लागते.

चौथी बाब गोपनीयतेची. मानसिक आजाराविषयी प्राचार्यांना दिलेली माहिती कर्मचारीकक्षात पोहोचणार नाही, असा विश्वास निर्माण झाल्याखेरीज कोणीही वेळेवर सांगणार नाही. वेळेवर न सांगितल्यास रजा, उपचार आणि कामातील तात्पुरता बदल हे सोपे उपाय हातचे जातात आणि प्रकरण शिस्तभंगापर्यंत पोहोचते.

८. समारोप

गिरणगावातील बहिऱ्या झालेल्या विणकराला कायद्याने हक्क दिला होता. तो त्याच्यापर्यंत पोहोचण्यास अर्धे शतक लागले. २०१६ च्या कायद्याने दिलेले हक्क त्याच गतीने पोहोचू नयेत, ही आजच्या आस्थापनांची जबाबदारी आहे. आरक्षणाने दार उघडते; पण आत आलेल्या व्यक्तीला बसण्यासाठी केवळ खुर्ची देणे पुरेसे नाही. तिला खरे काम, एकदाच सांगून कायम मिळणारी सोय, वाचता येईल असे परिपत्रक आणि चहाच्या टेबलाभोवती जागा हवी असते. यांतील बहुतेक गोष्टींसाठी शासनाच्या अनुदानाची वाट पाहावी लागत नाही. पुढील सत्राचे वेळापत्रक आखताना आणि समित्यांची यादी तयार करताना प्रत्येक महाविद्यालयाला त्यांची सुरुवात करता येईल.